झाडं उतरवणारी रेवती

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत अनघा पाटणकरला दर वर्षी कुणीतरी विचारायचं, "तुझी मुलगी सध्या काय करते गं?" आणि अनघा हातातली वाटी उगाचच पुसत म्हणायची, "रेवती ना? एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे."

विचारणाऱ्याचं तेवढ्यावर समाधान व्हायचं. ओहायोतल्या या डब्लिनमध्ये आमच्या ओळखीची बहुतेक मुलं कॉम्प्युटरमध्ये, बँकेत नाहीतर हॉस्पिटलात. एन्व्हायर्नमेंट म्हणजे त्यातलंच काहीतरी, जरा उदात्त. एका वर्षी मात्र रेवती नेमकी मागेच उभी होती. कामावरून थेट आली होती. कुर्ता नीट इस्त्रीचा, पण केसांत भुसा आणि डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं.

"झाडं कापते मी, काका," ती म्हणाली. "वर चढून. विथ अ चेन सॉ."

काका हसले. "म्हणजे हॉबी?"

"नो. जॉब."

पोरगी थट्टा करत नाहीये हे कळल्यावर काकांनी मोदक उचलला. अनघा आत स्वयंपाकघरात गेली ती आरतीलाच बाहेर आली.

पाटणकर आमच्यापासून तीन घरं सोडून राहतात. रेवतीला मी ती सायकलवरून पडायची तेव्हापासून पाहते आहे. बायोलॉजीची डिग्री घेऊन ती दोन वर्षं एका लॅबमध्ये होती, मग एके दिवशी सोडून आली आणि डग नावाच्या माणसाबरोबर काम करायला लागली. डग साठीकडे झुकलेला गोरा गडी, तीस वर्षं झाडांवर काढलेला. गावाबाहेर मक्याच्या शेतांपलीकडे त्याची थोडी जमीन आणि तिथे एक छोटी लाकूड कापायची गिरणी. माणसं दोनच, तो आणि ही. तो तिला 'रेव' म्हणायचा.

ती उंचीला बेताची, खांद्यात रुंद, बोलायला कमी. मराठी बोलायची, पण झाड तिच्या तोंडी कायम स्त्रीलिंगी. "ती आतून थकलीये, काकू." "ती इकडे पडणार नाही, ती तिकडे पडेल." मी नाशिकला शाळेत मराठी शिकवलेली बाई. सुरुवातीला मी म्हणायचे, "ते झाड, रेवती." ती मान डोलवायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'ती'. शेवटी मीच नाद सोडला.

तिचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच मागच्या अंगणात. वादळात आमचा जुना मेपल मुळांसकट आडवा झाला. मुळांचा गड्डा मातीसकट उपटून माणसाच्या उंचीएवढा उभा राहिला होता, आणि त्याच्या जागी भला मोठा खड्डा. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, भाड्याने चेन सॉ आणली, एक व्हिडिओ पाहिला आणि तो बुंध्याजवळ त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन उभा राहिला. रेवती तेव्हा रस्त्याने घरी चालली होती. कुंपणापाशी थांबली.

"सुधीरकाका, स्टॉप. सॉ बंद करा." आवाज चढवला नव्हता, तरी त्याने बंद केली. "आता पाय मागे. आणखी. आणखी."

मग ती आत आली आणि हातात काहीही न घेता झाडाभोवती फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. हे ती नेहमी करायची. तिच्या मते हातात करवत आली की माणसाला फक्त कापायची जागा दिसते, म्हणून पाहायचं ते रिकाम्या हाताने. फिरताना ती फांद्या दाबून बघायची, कुठली फांदी वजनाखाली धनुष्यासारखी वाकलीये, कुठली नुसतीच टेकलीये. कोणत्याही लाकडात ताण कुठे दडलाय हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, एवढंच तिचं शास्त्र. "काकू, कटिंग इझी आहे," ती एकदा म्हणाली होती. "कट केल्यावर ती काय करेल, ते हार्ड."

आम्हा दोघांना तिने घराच्या पायरीवर उभं केलं, हेल्मेट घातलं, बाजूला उभी राहिली आणि बुंधा आधी थोडा खालून, मग वरून कापला. खोड सुटलं आणि तो मातीचा गड्डा, बुंध्याच्या खुंटासकट, धाडकन उलटा फिरून आपल्या खड्ड्यात जाऊन बसला. पायरीपर्यंत जमीन हादरली. सुधीर जिथे उभा होता त्या जागेवर आता खुंट उभा होता, जणू झाड कधी पडलंच नव्हतं. सुधीर पायरीवरच खाली बसला.

त्या मेपलच्या फळ्या तिने आमच्याच ड्राइव्हवेमध्ये काढल्या. डगची गिरणी चाकांवर होती, गाडीला जोडून आणता यायची. दोन रूळ, त्यांवर ओंडका, आणि वरून सरकत येणारी पट्ट्यासारखी लांब पातळ करवत, गार राहावी म्हणून तिच्यावर पाण्याची धार. ओंडका ठेवण्याआधी रेवतीने त्याच्यावरून धातू शोधायचं यंत्र फिरवलं. एका जागी ते किंचाळलं. तिथे तिने छिन्नीने खणलं तर आत बोटाएवढा लोखंडी आकडा निघाला. आमच्या आधी तीस-चाळीस वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या कुणीतरी कपडे वाळत घालायला ठोकलेला, आणि झाडाने गिळून टाकलेला. "ब्लेडने हा पकडला असता तर ब्लेड तुटलं असतं," ती म्हणाली, आणि मग हाताने हवेत एक रेघ ओढून दाखवली. "आणि इकडे आलं असतं." त्या रेघेत मी लिंबाचं सरबत घेऊन उभी होते. तिने मला दंडाला धरून बाजूला केलं. तिच्या यंत्राच्या त्या रेघेत मी पुन्हा कधी उभी राहिले नाही.

फळ्या रचायचं काम तिने मला दिलं. दोन फळ्यांमध्ये हवा खेळावी म्हणून आडव्या पट्ट्या ठेवायच्या. मी तासभर राबून सुरेख थप्पी लावली. तिने डोळा बारीक करून एका टोकाकडून पाहिलं आणि सगळी उतरवायला लावली. पट्ट्या एकीवर एक सरळ रेषेत नव्हत्या, वजन वाकडं पडलं असतं आणि फळ्या वाळताना मुरडल्या असत्या. "सॉरी, काकू. अगेन." मी वर्गात मुलांना अक्षर पुन्हा काढायला लावायचे ते आठवलं, आणि निमूट पुन्हा रचली.

यानंतरचं सांगायला मला जड जातं, कारण त्यात माझा हात आहे.

आमच्या घराच्या मागे एक ॲशचं झाड होतं, सत्तर फुटी. या भागातले सगळे ॲश एका हिरव्या चकाकत्या किड्याने मारले, तसं तेही वाळलं होतं. आमच्या निजायच्या खोलीच्या छपराकडे किंचित झुकलेलं. आम्ही दोन वर्षं आज-उद्या करत राहिलो. शेवटी एका शुक्रवारी सकाळी डग आणि रेवती आले. त्या संध्याकाळी जोराचा वारा सुटणार असं हवामानखातं सांगत होतं.

रेवतीने तीन फेऱ्या मारल्या. मग रबरी हातोडा घेऊन बुंधा ठोकत वर हात पोचेल तिथपर्यंत गेली. काही ठिकाणी टणक आवाज आला, काही ठिकाणी रिकाम्या डब्यासारखा. चौथी फेरीही तिने मारली. मग म्हणाली, "मी हिच्यावर चढणार नाही."

माणसाला वर उचलणारी, चाकांवरची लिफ्ट आणायची, तिच्या टोपलीत उभं राहून झाडाला न टेकता कापायचं, असं तिचं म्हणणं. पण आमच्या अरुंद फाटकातून जाईल अशी लिफ्ट मंगळवारी मिळणार होती. आज रात्री आम्ही पुढच्या खोलीत झोपावं, आणि मंगळवारपर्यंत मागे कुणी फिरकू नये.

डगने वर पाहिलं. तो म्हणाला, असले शंभर उतरवलेत; वारा यायच्या आत निदान छपराकडच्या फांद्या काढतो. रेवती म्हणाली, "डग, नो." तो हसला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. घर माझं होतं. मी नुसतं "मंगळवारी करा" म्हणाले असते तर विषय संपला असता.

मी म्हणाले, "डगला जमत असेल, तर आजच उरकलेलं बरं."

रेवती पुढे झाली. तिने डगचा हार्नेस, कमरेला आणि मांड्यांना आवळायचा पट्ट्यांचा साज, तपासला, प्रत्येक बक्कल ओढून पाहिलं आणि मागे सरून उभी राहिली.

डग चाळीस फूट वर चढला होता. त्याची चढायची दोरी त्याच्या डोक्यावरच्या दोन फांद्यांच्या दुबेळक्यातून गेली होती, आणि कमरेचा एक पट्टा खोडाभोवती होता. पहिली फांदी त्याने छान उतरवली. दुसरीला करवत लावली आणि वरून काठी मोडावी तसा कोरडा आवाज आला. दुबेळकंच फाटलं. डग सहा-सात फूट घसरला, पट्टा फांदीच्या एका खुंटीत अडकला आणि तो थांबला. वरून तुटलेलं लाकूड त्याच्या खांद्यावर आणि हेल्मेटवर आपटून खाली आलं. मग तो तिथे नुसता लोंबकळत राहिला, मान एका बाजूला. त्याच्या कमरेला टांगलेली चेन सॉ अजून चालूच होती, गुरगुरत.

मी झाडाकडे धावले. रेवतीने मला वाटेतच अडवलं.

"काकू, नो. कुणीही खाली जायचं नाही. सुधीरकाका, नाइन वन वन. सांगा, माणूस हार्नेसमध्ये लटकलाय, अर्धवट शुद्धीत आहे." आणि वर बघून, "डग! टॉक टू मी!"

वरून एक कण्हणं आलं.

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस फार वेळ तग धरत नाही, हे मला नंतर कळलं. तिला तेव्हा ठाऊक होतं. तरी तिने धावाधाव केली नाही. ॲशपासून वीसएक फुटांवर आमच्या हद्दीवर एक ओक आहे, जिवंत, भक्कम. ती त्याच्याकडे गेली. बारीक दोरीच्या टोकाला बांधलेली वजनाची पिशवी पायांमधून झोकावून वर फेकली. चुकली. पुन्हा फेकली, फांदीला लागून परत आली. तिने दोन्ही तळवे पँटला पुसले, एक श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा फेकली. पिशवी ओकच्या वरच्या जाड फांदीवरून पलीकडे उतरली. तिने मोठी दोरी वर ओढून घेतली, तिच्यावर सगळं वजन टाकून दोनदा उसळी मारली, आणि चढायला लागली.

तेवढ्यात बंब आला. शिडीची गाडी पुढेच अडकली. दोन घरांमधून ती मागे येणं शक्य नव्हतं. त्यांचा प्रमुख ओरडला, थांब, आमची माणसं येतायत. तिने खाली पाहिलंही नाही.

आणि सायरन ऐकून अनघा आली. घरून काम करत होती, हेडसेट गळ्यात तसाच. कुंपणाच्या दारात थबकली. मुलीला कामावर तिने कधी पाहिलं नव्हतं. सहा वर्षांत एकदाही नाही. तिने तोंड उघडलं आणि मी तिचा दंड घट्ट धरला.

"हाक मारू नकोस. अनघा, हाक मारू नकोस."

तिने मूठ तोंडावर दाबून धरली.

ओकवरून दोरीच्या आधाराने रेवती झोका घेत ॲशकडे आली आणि पावलं नुसती टेकवली. तिचं वजन ओकवरच होतं. सगळ्यात आधी तिने डगची चेन सॉ बंद केली. एकाएकी इतकं शांत झालं की वरचं बोलणं खाली ऐकू येत होतं. ती त्याच्याशी गप्पा माराव्यात तशी बोलत होती. "हे डग. आय गॉट यू. मान हलवू नकोस." हे शेवटचं मराठीत, तिला ते कळलंही नसेल.

तिने त्याचा हार्नेस आपल्या हार्नेसला जोडला. एक जादा दोरी ॲशभोवती फिरवून तिचं टोक मुठीत धरलं, म्हणजे सुटल्यावर दोघं एकदम झोक्यासारखी ओकवर जाऊन आदळणार नाहीत. आता डगला धरून ठेवणारा एकच पट्टा उरला होता, खुंटीत रुतलेला, निघत नव्हता. तो कापायचा होता. आणि त्याला घासूनच तिची स्वतःची दोरी ताणलेली होती, ज्या दोरीवर आता दोघांचा जीव होता.

तिने चाकू उघडला. मग आम्ही तिला मोठ्याने म्हणताना ऐकलं, "ब्लू इज माइन. ब्लू इज माइन. ऑरेंज इज डग." मनगटाने निळी दोरी बाजूला सारली. पुन्हा म्हणाली. आणि केशरी पट्टा कापला.

ओक कण्हला. दोघं एकत्र हातभर खाली आली आणि थांबली. मुठीतली दोरी ती इंचाइंचाने सोडत होती, तशी ती ॲशपासून दूर सरकत होती. त्या धक्क्याने ॲशचा शेंडा मोडला आणि काही क्षणांपूर्वी डग जिथे होता तिथून सरळ खाली गेला. जमिनीवर आपटून त्याचे तुकडे झाले. तिथे कुणी नव्हतं. कुणी नसावं, याची काळजी तिने चढायच्या आधीच घेतली होती.

मग ती दोघं सावकाश खाली उतरली आणि बंबवाल्यांनी डगला हातांवर घेतलं.

"किती मिनिटं?" रेवतीने विचारलं.

"एकोणीस," सुधीर म्हणाला.

"टू स्लो," ती म्हणाली, गॅरेजच्या मागे गेली आणि ओकली.

अनघा तिच्या मागे गेली. मीही गेले. अनघाने तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तो मध्येच राहिला. हार्नेस, आकडे, दोऱ्या, कुठे हात ठेवावा हेच तिला कळेना.

"तू का नव्हतीस वर?" तिने विचारलं. "तुझं काम ना ते?"

रेवतीने तोंड पुसलं. मग मीच म्हणाले, "ती नाही म्हणाली होती, अनघा. चढू नये म्हणून सांगत होती. मीच म्हणाले, आजच उरका."

अनघाने माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या शेजारात तिने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

डग वाचला. खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं, डोक्याला मुका मार. पुन्हा झाडावर मात्र तो चढला नाही. मंगळवारी लिफ्ट आली आणि रेवतीने टोपलीत उभं राहून तो ॲश तुकड्यातुकड्याने उतरवला.

पुढच्या महिन्यात मी डगच्या गिरणीवर गेले. जाणं भाग होतं. रेवती आमच्या ॲशचा खालचा, टणक राहिलेला ओंडका कापत होती. साल सोललेली होती आणि खाली किड्यांनी कोरलेल्या वाटा दिसत होत्या, कुणी बोरूने मोडी लिहावी तशा अखंड, वळणावळणांच्या. आतलं लाकूड मात्र पांढरंशुभ्र. तिने यंत्र बंद केलं आणि बाकावर बसून डगची चढायची दोरी हातभर लांबीचे तुकडे करत कापू लागली. चांगली दिसत होती दोरी. मी तसं म्हणाले.

"दिसते," ती म्हणाली. "पण दुबेळकं फाटलं तेव्हा तिला जर्क बसलाय. अख्खी ठेवली तर कुणीतरी वापरेल."

मग मी म्हणाले, "रेवती, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या काकू, तुमचा काय दोष. या देशात आणि आपल्यातही तसंच म्हणायची रीत आहे.

"हो, काकू. नको होतं," ती म्हणाली. "पण डगने पण ऐकलं नाही. आणि मी त्याचा हार्नेस चेक केला. मी दोरी गाडीत टाकून घरी जायला हवं होतं." तिने एक तुकडा बादलीत टाकला. "तीन माणसं लागली."

त्यात समजूत नव्हती आणि राग नव्हता. मोजून माझा वाटा तिने माझ्या हातात दिला होता, आणि तिचा स्वतःकडे ठेवला होता. निघताना तिने मला ॲशच्या चार फळ्या उचलायला लावल्या, गाडीपर्यंत.

अनघा माझ्याशी दोन महिने बोलली नाही. नंतर एकदा किराणाच्या दुकानात कढीपत्ता निवडताना तिनेच सुरुवात केली. रेवतीने घरी त्या दिवसाबद्दल काही सांगितलं नव्हतं, म्हणाली. अनघानेच एका रात्री जेवताना मुलीला विचारलं, "तुझी ती निळी दोरी किती वर्षांची आहे?" सहा वर्षांत घरी कामाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. रेवतीने ताट बाजूला सारून दोरी आणली आणि ती कशी तपासायची ते बोटाने चाचपून दाखवलं. तेव्हापासून अनघा दर रविवारी चष्मा लावून ती हातभर-हातभर तपासू लागली म्हणे.

दीड वर्षाने रेवतीला ओरेगनला नोकरी मिळाली, झाडावर चढणाऱ्यांना शिकवायची. जायच्या आधीच्या शनिवारी मी निरोप घ्यायला डगच्या जागेवर गेले. खांदा वाकडा झालेला डग खुर्चीत बसून कॉफी पीत होता. रेवती हल्ली शनिवारी तिथे नव्यांना शिकवायची; ओळीने पाच-सहा शिकाऊ मुलंमुली उभी होती. समोरच्या अक्रोडाच्या झाडाला, जमिनीपासून चार फुटांवर, हार्नेसमध्ये एक माणूस मान टाकून लटकला होता. शिकवताना जखमी म्हणून एक पुतळा टांगतात, तसा पुतळा असेल असं मला वाटलं. जवळ गेले तर ती अनघा होती. ट्रॅक पँट, डोक्यावर लाल हेल्मेट, डोळे गच्च मिटलेले, हात दोन्ही बाजूंना सोडलेले.

रेवती दोरीवरून सरकत तिच्याजवळ आली. एक हात आईच्या मानेमागे घातला, दुसऱ्याने आकडा जोडला, मुलांना प्रत्येक गोष्ट सांगत. मग तिला कवेत घेऊन हळूहळू खाली आणायला लागली. जमीन जवळ आली तशी अनघाने नकळत पाऊल लांबवलं, टेकायला.

"आई, तू हेल्प करतेयस," रेवती म्हणाली. "तू अनकॉन्शस आहेस."

अनघाने डोळे उघडले नाहीत. पाऊल मागे घेतलं, सगळं अंग सैल सोडलं आणि मान मुलीच्या खांद्यावर टाकली.

"बरं," ती म्हणाली. "मग वर ने. पुन्हा कर."